गाडी बंद करायची नाही

डोंबिवलीत भाड्याची जागा बघायला गेलेले, तेव्हा घरमालक काकांनी मला नोकरी, आडनाव, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. दार उघडून माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तुम्हाला वास येतो का?"

मला वाटलं घरात कुठे उंदीर मेलाय. मी हुंगून बघितलं आणि म्हटलं, "नाही, कसलाच नाही."

"आत्ताचं नाही विचारत. एकूण. नाक चालतं ना? हल्ली बऱ्याच जणांचं गेलेलं असतं."

चालतं म्हटल्यावर त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली एक वाटी धरली. हिंग होता. दुसऱ्या वाटीत टर्पेंटाइन होतं, तेही मी ओळखलं. "जागा तुमची," ते म्हणाले आणि वरच्या मजल्याची किल्ली आणायला गेले.

परीक्षेचं कारण मला राहायला आल्यावर कळलं. काकूंना विसरण्याचा आजार होता. त्या गॅस सुरू करत आणि पेटवायचं विसरून बाहेर येऊन बसत. काका दिवसभर त्यांच्या मागे असत, पण डोळा लागला तर काय, ही धास्ती त्यांना होती. म्हणून वरच्या मजल्यावर चालू नाकाचं माणूस हवं होतं. मी आठवड्यातले बरेचसे दिवस घरूनच काम करायचे, ते तर त्यांना फारच सोयीचं वाटलं. दिवसातून एकदा तरी जिन्यातून हाक यायची, "काही येतोय का?" मी वरून म्हणायची, "नाही काका."

काकांचं सगळं आयुष्य कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात काट्यांवर नजर ठेवण्यात गेलेलं. दाब, तापमान, पातळी दाखवणारी उपकरणं नीट चालतायत की नाही हे बघणाऱ्या खात्यात ते इंजिनिअर होते. कारखाना कधीच बंद पडला, तिथे आता टॉवर आहेत. काका म्हणायचे, "आमचा कंप्रेसर होता तिथे आता लोक आंघोळी करतात." निवृत्त झाले तरी सवय गेली नव्हती. काटा दिसला की ते त्यावर नखाने टिचकी मारायचे. काटा अडकलेला असला तर टिचकीने हलतो, असं त्यांचं म्हणणं. भिंतीवरचं घड्याळ, वजनाचा काटा, गाडीतला पेट्रोलचा काटा, सगळ्यांना टिचकी. "सगळं ठीक आहे असं दाखवणाऱ्या काट्याचं मला जास्त भय वाटतं," असं त्यांनी एकदा सांगितलं. आणि भय वाटायचं हे खरंच. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायचे, फाटकापर्यंत जायचे, परत येऊन पुन्हा ओढायचे. गाडीत पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, विजेरी आणि एक शिट्टी असायची. शिट्टी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "लागली तर?"

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, म्हणून. दूधवाला बदलला तर चहाची पावडर तीच राहिली पाहिजे. माझं डोकं दुखायला लागलं, मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला आणि कॉफीही सोडली, तर काका खरोखर चिडले. "आता कुणाला श्रेय देणार?" काकूंच्या डॉक्टरांनी एकदा दोन गोळ्या एकदम बदलल्या तेव्हा त्यांनी दवाखान्यात वाद घातला. डॉक्टर शेवटी समजुतीने म्हणाले, "काका, वयोमानाप्रमाणे हे होणारच." त्यावर काका म्हणाले, "वय हे निदान नाही, डॉक्टर. वय ही सबब आहे."

हेच वाक्य त्यांनी नंतर मेकॅनिकलाही ऐकवलं.

त्यांची गाडी जुनी होती. पेट्रोल इंजेक्शनवाल्या गाड्या रस्त्यावर नव्याने दिसायला लागल्या त्या काळातली, छोटी, रंग उडालेली. काकू ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, तेव्हा काका त्यांना याच गाडीतून सोडायचे. काकू मागच्या सीटवर बसून वह्या तपासत जायच्या. आता नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली होती, पण दुपारची जेवणं उरकली की काकूंची घालमेल सुरू व्हायची. "अहो, मला उशीर होतोय. मुली वर्गात बसून राहिल्यात." त्या पर्स खांद्याला लावून दाराशी उभ्या राहायच्या. दार उघडलं नाही तर दारावर हात आपटायच्या, तळवे लाल होईपर्यंत. तो आवाज मी वर कामाच्या मीटिंगमध्ये असताना ऐकायची आणि घाईने माइक बंद करायची.

यावर काकांनी एकच उपाय शोधून काढलेला. रोज दुपारी गाडी काढायची, माणकोलीच्या नव्या पुलावरून ठाण्याला जायचं, शाळेसमोर थोडा वेळ थांबायचं. काकू काचेतून इमारतीकडे बघत बसायच्या आणि मग आपणच म्हणायच्या, "सुट्टी झाली वाटतं. चला घरी." परत येताना त्या शांत असायच्या, कधीकधी झोपायच्या. दुसऱ्या कुठल्या गाडीत त्या बसत नव्हत्या. भाच्याने त्याची नवीकोरी, थंडगार गाडी आणलेली, तर काकू तिच्या उघड्या दाराशी उभ्या राहून रडायला लागल्या.

आणि नेमकी हीच गाडी उन्हाळ्यापासून दगा द्यायला लागली.

सकाळी किल्ली फिरवली की लगेच चालू. रस्त्यात कुठे अडायची नाही. पण शाळेसमोर बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू करायला गेलं की इंजिन नुसतं फिरत राहायचं, पेट घ्यायचं नाही. तासाभराने आपोआप चालू व्हायची, जसं काही झालंच नव्हतं. तो तासभर काय असतो हे मी एकदा बघितलं. काका मला बरोबर चला म्हणाले, मागे हिच्याशेजारी बसा म्हणाले, म्हणून मी गेलेले. गाडी चालू होत नाही म्हटल्यावर काकू आधी भुंग्याबद्दल काहीतरी पुटपुटल्या, मग दाराचं हँडल चाचपायला लागल्या. "आपण कुठे आहोत? हे घर कुणाचं आहे? मला का कोंडलंय?" मी त्यांचा हात धरून बसले. पुढे काका पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होते. त्या दिवसापासून काकांनी मला अहो-जाहो करणं सोडलं.

त्यांनी गाडी गॅरेजात नेली. एकाने स्पार्क प्लग बदलले, दुसऱ्याने पेट्रोलचा फिल्टर. तिसरा म्हणाला, "काका, गाडीचं वय झालं, विकून टाका." मग काकांनी शोध स्वतःकडे घेतला.

रविवारी सकाळी पोर्चमध्ये प्रयोग चालायचे. गाडी भरपूर फिरवून, तापवून आणायची, बंद करायची, थांबायचं आणि पुन्हा किल्ली मारायची. माझी जागा सायलेन्सरच्या मागे, वाकून. काका मला आधी समजावून द्यायचे. इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, म्हणजे एक तर ठिणगी पडत नाही, नाहीतर पेट्रोल नको तितकं जातंय, नाहीतर जातच नाही. पेट्रोल जास्त झालं असेल तर मागे त्याचा वास सुटेल. "तू फक्त वास सांग. मधे स्वतःचं मत घालू नकोस."

पण पोर्चमध्ये गाडी दर वेळी पहिल्या किल्लीला चालू व्हायची. मी धूर खात मागे उभी आणि काका पुढून विचारतायत, "आला का?" आणि इंजिन आपलं मजेत चाललेलं. "परीक्षेला बसवली की पास होते," ते हताश होऊन म्हणायचे. काकूंचंही तसंच होतं. डॉक्टरांपुढे त्या वार, महिना, पंतप्रधान सगळं बिनचूक सांगायच्या आणि घरी आल्यावर काकांना विचारायच्या, "तुम्ही कोणाकडे आलात?"

पावसाळ्यात गाडीचा त्रास एकदम थांबला. काकांनी नवीन प्लगांना श्रेय दिलं, पण ते त्यांनाच पटलेलं नव्हतं. त्यांनी एक नियम करून ठेवला होता आणि तो पावसातही मोडला नाही, की शाळेसमोर गाडी बंद करायची नाही. पेट्रोल भरायला सकाळीच एकटे जायचे. रस्त्यात सिग्नलला गाडी बंद पडेल म्हणून क्लचवरचा पाय ते इतका जपून हलवायचे की माझ्याच पोटरीत गोळे यायचे.

मग ऑक्टोबरचं ऊन आलं आणि नवरात्रात ते घडलं.

टेंभी नाक्याला देवीचा मंडप लागलेला. गर्दी असणार म्हणून काकांनी मलाही काकूंशेजारी मागे बसवून घेतलं होतं. काकांनी दुसऱ्या रस्त्याने जाऊन बघितलं, पण काकूंना शाळा दिसेना तशा त्या अस्वस्थ व्हायला लागल्या, म्हणून परत नाक्याकडे वळावं लागलं. पुढे ढोल वाजत होते आणि रस्ता गच्च भरलेला. आमच्यापुढे एक टेम्पो, मागे रिक्षांची रांग. ऊन समोरच्या काचेतून थेट आत येत होतं. काका तापमानाच्या काट्यावर टिचक्या मारत होते आणि काटा खरोखरच वर चढत होता.

ट्रॅफिक हवालदार पुढून एकेक गाडी बंद करायला सांगत आला. काकांनी काच खाली केली. "साहेब, ही बंद करता येत नाही."

"का? काय विमान आहे का?"

"बंद केली तर चालू होणार नाही."

"अहो, धूर किती होतोय बघा. पुढे लेकरं आहेत. करा बंद."

काकांनी किल्ली बंद केली. मी त्यांची मान मागून बघत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पुढचा टेम्पो हलला. काकांनी किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पेटलं नाही. मागून हॉर्न सुरू झाले. काकू माझ्याशेजारून म्हणाल्या, "अहो, भुंगा नाही ओरडला."

"हो, हो, ओरडेल हं," काका मान न वळवता म्हणाले. मग मला म्हणाले, "पळ. मागे जाऊन बघ, वास येतोय का."

मी उतरून मागे गेले, रिक्षांच्या हॉर्नमध्ये सायलेन्सरपाशी वाकले. काका किल्ली मारत राहिले. पेट्रोलचा वास अजिबात नव्हता. ते सांगायला मी पुढे आले तर मागचं डावं दार सताड उघडं होतं आणि सीट रिकामी होती.

काका अजून पुढे बघत किल्ली फिरवत होते. मी म्हटलं, "काका, काकू." त्यांनी वळून बघितलं.

घराच्या कुलुपासाठी फाटकातून परतणारा तो माणूस, किल्ली तशीच ठेवून, दार उघडं टाकून गर्दीत शिरला. "अगं," ते हाका मारत होते, "अगं." त्या गर्दीत किती बायकांनी वळून बघितलं असेल. एकीने तर विचारलं, "मला म्हणताय का आजोबा?" काका क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी काकूंच्या नावाने हाक मारली. त्यांच्या तोंडून ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. ढोलाच्या आवाजात ते दहा पावलांवरही पोचत नव्हतं.

मी मंडपाकडे न जाता शाळेकडे धावले. मनात नको नको ते येत होतं. त्या रस्त्यावरून बस जाते, पुढे तलाव आहे, त्यांच्या पायात तर चपलाही नसतील. शाळेच्या फाटकाशी एक वॉचमन बाई स्टुलावर बसलेल्या. मी धापा टाकत वर्णन सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, "त्या गाडीतल्या बाई ना? रोज समोरून बघत बसतात त्या? आत गेल्यात. मी म्हटलं, आज आल्या एकदाच्या आत."

मैदानात मुलींचा भोंडला चालला होता. मधे पाटावर खडूने काढलेला हत्ती आणि भोवती मुलींचं रिंगण. त्या रिंगणात, दोन मुलींचे हात धरून, पर्स खांद्याला अडकवलेल्या काकू फिरत होत्या आणि गात होत्या. एका गाण्यात मुली अडल्या, पुढची ओळ कुणालाच आठवेना, तर काकूंनी ती उचलली आणि पुढच्या सगळ्या ओळी न अडखळता म्हटल्या. सकाळी चहा घेतला की नाही हे ज्यांना आठवत नव्हतं, त्या काकूंनी.

मी काकांना फोन केला. ते आले तेव्हा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. काकूंनी त्यांना रिंगणातूनच बघितलं आणि रागे भरल्या, "इतका उशीर? संपत आला की." काका तिथल्या पायरीवर बसले आणि भोंडला संपेपर्यंत रिंगणाकडे बघत राहिले.

खिरापत वाटून झाल्यावर आम्ही गाडीकडे परतलो. हवालदाराने चार जणांना लावून ती ढकलून मंडपाच्या सावलीत उभी करून ठेवली होती, दारं उघडीच. आम्ही बसलो. काकांनी किल्ली फिरवली.

"ओरडला," काकू म्हणाल्या.

गाडी लगेच चालू झाली. मी सुटकेचा श्वास सोडते तोवर काकांनी ती बंद केली. मला किंचाळावंसं वाटलं. त्यांनी किल्ली अर्धीच फिरवली आणि मागे वळले.

"आत्ता तुला काही ऐकू आलं?"

आलं होतं. आमच्या सीटखालून बारीक, भुणभुणल्यासारखा आवाज, लगेच थांबलेला.

"आणि मघाशी? चालू होत नव्हती तेव्हा?"

मी आठवून बघितलं. "तेव्हा नव्हता, काका. हॉर्न होते, पण हा आवाज नक्की नव्हता."

काका पुन्हा पुढे वळले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "मला तो कधीच ऐकू येत नाही. कंप्रेसरने कान नेले माझे. पंप चालतो असं मी धरून चाललेलो." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "ही उन्हाळ्यापासून सांगतेय. मला वाटायचं, आजार बोलतोय."

किल्ली फिरवली की सीटखालच्या टाकीतला पेट्रोलचा पंप क्षणभर चालतो, तो काकूंचा भुंगा. त्याला वीज पोचते ती डॅशबोर्डखालच्या एका छोट्या डबीतून, रिले म्हणतात तिला. दुसऱ्या दिवशी काकांनी ती डबी काढली आणि जेवणाच्या टेबलावर काकूंच्या केस वाळवायच्या मशीनने तापवली. गरम झाली की ती काम करेना, गार झाली की करी. आतल्या एका सोल्डरच्या डागाला केसाएवढी चीर गेली होती. उन्हाने गाडीचं पोट तापलं की ती चीर उघडायची, पंपाला वीज मिळायची नाही; ऊन कललं की ती पुन्हा मिटायची. गाडी एकदा चालू असली की अडायची नाही, म्हणून कुणाला संशय आला नव्हता. पावसात आणि पोर्चच्या सावलीत तर चीर उघडतच नव्हती. इंजिनची गरमी आम्ही उगाच शोधत बसलेलो.

डाग पुन्हा द्यायचा होता. काकांनी सोल्डरिंग गन तापवली, मी विजेरी धरली, पण त्यांचा हात कापत होता, टोक नेमक्या जागी टेकेना. दोनदा त्यांनी हात मागे घेतला. काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी काकांचं मनगट धरलं, पहिलीतल्या मुलीला अक्षर गिरवून घेताना धरतात तसं, आणि म्हणाल्या, "घाई नाही करायची." डाग बसला.

त्यानंतर गाडी कधी अडली नाही. काकांनी कानाचं यंत्र घेतलं, आधी एकाच कानात, फरक कळावा म्हणून. काकू काही असंबद्ध बोलल्या की ते पूर्वी "हो, हो" म्हणून पुढे जायचे, ते बंद झालं. आता ते थांबून विचारायचे, "म्हणजे कसं?" बहुतेक वेळा त्यातून काही निघायचं नाही. एकदा निघालं. काकू पायात मुंग्या चावतात म्हणत होत्या. काकांनी विचारत विचारत डॉक्टरांपर्यंत ते नेलं, आणि रक्तात साखर निघाली.

धास्ती मात्र गेली नाही, फक्त जागा बदलून बसली. आता गाडीची काळजी उरली नव्हती, आणि काकूंचं एकेक सुटत चाललेलं ते लख्ख दिसायला लागलेलं.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी मी फाटकाशी कुरिअर घेत होते. काकांनी गाडी बाहेर काढली, मागचं दार उघडून धरलं. काकू पर्स लावून आल्या, उघड्या दाराकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि गाडीला वळसा घालून सरळ रस्त्यावर गेल्या. "अगं, इकडे," काका म्हणाले. काकूंनी वळून गाडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता की भीती नव्हती. ओळखच नव्हती. मग त्यांनी येणाऱ्या एका रिक्षाला हात केला आणि आत जाऊन बसल्या.

काका उघडं दार धरून तसेच उभे होते. आता हे काय करणार, ओढून आणणार की काय, मला कळेना. त्यांनी गाडीचं दार हळूच लोटलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि रिक्षात काकूंशेजारी जाऊन बसले.

रिक्षावाल्याने मागे बघत विचारलं, "कुठे जायचं, काका?"

"या बाई सांगतील तिकडे."

काकू पुढे वाकून त्याला काहीतरी सांगायला लागल्या. रिक्षा निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत मी बघत होते. यंत्र लावलेला कान काकूंच्या बाजूला करून काका त्या काय म्हणतायत ते ऐकत होते.